सदिश फलापासून वक्र काढताना: बिंदू जोडण्याआधीची कामं

बारावीपर्यंत आलेख म्हणजे य = क्ष² छापाचा मामला. क्ष ची किंमत घाला, य काढा, बिंदू मांडा, डावीकडून उजवीकडे जोडत जा. हात इतका बसलेला असतो की डोकं लावावं लागत नाही. मग पदवीच्या पहिल्या वर्षाला फळ्यावर हे सदिश फल येतं:

स(ट) = (ट² − ४, ट³ − ४ट)

याचा वक्र काढा. मुलं ट ला −२, −१, ०, १, २ अशा किमती देतात. बिंदू मिळतात: (०, ०), (−३, ३), (−४, ०), (−३, −३), (०, ०). इथवर सगळं बरोबर. पुढे हात सवयीने चालतो. सगळ्यात डावीकडचा (−४, ०) आधी, मग वरचा (−३, ३), मग तिथून सरळ खाली (−३, −३), मग (०, ०). करवतीच्या दातासारखं काहीतरी कागदावर उमटतं. गेली काही वर्षं हा विषय शिकवतोय, आणि दर वर्षी निदान चार-पाच वह्यांत हा दात सापडतोच.

बिंदू क्ष च्या क्रमाने जोडायचे नसतात, ट च्या क्रमाने जोडायचे असतात. एवढं एक पक्कं झालं तरी अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी खाली.

ट म्हणजे घड्याळ

आलेख कागदावर मुंगी फिरतेय असं समजा. ट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. घड्याळात ट वाजले तेव्हा मुंगी आडव्या दिशेत कुठे होती ते क्ष(ट) सांगतं, उभ्या दिशेत कुठे होती ते य(ट) सांगतं. आरंभबिंदूपासून मुंगीपर्यंत काढलेला बाण हा स्थानसदिश, त्याला आपण स(ट) म्हणतोय. पुस्तकात ट च्या जागी इंग्रजी टी असतो आणि त्याला प्राचल म्हणतात.

काही पुस्तकं हेच (ट² − ४) आय-कॅप + (ट³ − ४ट) जे-कॅप असं लिहितात. घाबरू नका, फक्त कपडे वेगळे आहेत. आय-कॅपला चिकटलेलं ते क्ष, जे-कॅपला चिकटलेलं ते य. आणि हो, आरंभबिंदूपासून निघणारे सगळे बाण वहीत काढत बसू नका. सायकलच्या तारा काढल्यासारखं दिसतं आणि वक्र त्यात हरवतो. वक्र म्हणजे त्या बाणांच्या टोकांचा माग.

साहित्य: आलेख कागद, टोकदार पेन्सिल, चांगला खोडरबर आणि रेडियन मोडवर ठेवलेला कॅल्क्युलेटर. शेवटची अट मी अनुभवाने लिहितोय, तो किस्सा पुढे येईल.

आधी घड्याळ कधी चालू, कधी बंद

प्रश्नात ट ची मर्यादा दिली आहे का ते बघा. ० ते २पाय दिली असेल तर तेवढंच काढायचं. दिली नसेल तर सूत्र कुठे अडतं ते शोधायचं: वर्गमुळाखाली ऋण येतंय का, छेद शून्य होतोय का. याला फलाचा प्रांत म्हणतात हे माहीत असतं, पण वापरायची आठवण राहत नाही.

उदाहरणार्थ (ट + १/ट, ट − १/ट). ट = −१ ला मुंगी (−२, ०) वर, ट = १ ला (२, ०) वर. मधे ट = ० ला घड्याळच बंद. तरीही हे दोन बिंदू रेषेने जोडणारे असतात. प्रत्यक्षात हे क्ष² − य² = ४ हे अपास्त आहे; ट धन असताना उजवी शाखा, ऋण असताना डावी. मधे पूल नाही.

मग क्ष आणि य वेगवेगळे वाचा

सारणी मांडायच्या आधी दोन मिनिटं यासाठी द्या. आपल्या पहिल्या उदाहरणाकडे परत जाऊ.

क्ष = ट² − ४. वर्ग ऋण होत नाही, म्हणून क्ष कधीही −४ च्या डावीकडे जाणार नाही. कागदावर क्ष = −४ ही उभी रेषा हलक्या हाताने आखा. ही भिंत. य ला अशी भिंत नाही. ट मोठा होत गेला की य वर पळतो, ट खूप ऋण असेल तर य खाली खोल.

आता ट च्या जागी −ट घाला. क्ष तसाच राहतो, य चं फक्त चिन्ह बदलतं. म्हणजे वक्राचा वरचा भाग आणि खालचा भाग क्ष-अक्षात एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. अर्धं काम फुकटात झालं. परीक्षेत वेळ वाचतो तो इथे.

अक्ष कुठे छेदतो तेही आत्ताच काढा. य = ट(ट² − ४), म्हणून य शून्य होतो ट = −२, ०, २ ला. क्ष शून्य होतो ट = −२ आणि २ ला. म्हणजे ट = −२ आणि ट = २, दोन्ही वेळा मुंगी आरंभबिंदूवरच! एकाच जागी दोनदा येते, तर मधल्या वेळात ती कुठेतरी फिरून आलेली असणार. वक्रात फास आहे हे एकही बिंदू न मांडता कळलं.

सारणी

आता सारणी मांडा, पण पूर्णांकांवर थांबू नका. फासाच्या आसपास अर्ध्या अर्ध्याने जा.

| ट | क्ष | य |
|---|---|---|
| −३ | ५ | −१५ |
| −२ | ० | ० |
| −१.५ | −१.७५ | २.६३ |
| −१ | −३ | ३ |
| −०.५ | −३.७५ | १.८८ |
| ० | −४ | ० |

पुढच्या ओळी प्रतिबिंबाने मिळतात: ट = १ ला (−३, −३), ट = २ ला (०, ०), ट = ३ ला (५, १५).

कागदावर प्रत्येक बिंदूशेजारी बारीक अक्षरात ट ची किंमत लिहा. ही सवय लावून घेतलीत तर करवतीचा दात येणारच नाही, कारण −१.५ नंतर −१, मग −०.५ असा हात आपोआप जातो. वक्र पूर्ण झाला की हे आकडे खोडा. मी अजूनही लिहितो.

वेग: कुठे आडवा, कुठे उभा

बिंदूंच्या मधे वक्र कसा वळतो ते विकलज सांगतो. दोन्ही घटकांचं वेगवेगळं विकलन करा:

स′(ट) = (२ट, ३ट² − ४)

हा मुंगीचा वेग. पहिला घटक धन असेल तर ती उजवीकडे चालली आहे, ऋण असेल तर डावीकडे. दुसरा धन तर वर, ऋण तर खाली. या चिन्हांवरून बाणांच्या दिशा ठरतात.

य′ = ० आणि क्ष′ शून्य नाही, तिथे स्पर्शिका आडवी. ३ट² = ४ म्हणजे ट सुमारे ±१.१५. त्या वेळी क्ष = −२.६७, य = ±३.०८. फासाचा माथा (−२.६७, ३.०८) वर आहे, (−३, ३) वर नाही. नुसत्या पूर्णांकांच्या सारणीवर विसंबलात तर माथा थोडा डावीकडे सरकतो आणि आकार बटाट्यासारखा होतो.

क्ष′ = ० होतो ट = ० ला, य′ तेव्हा −४. म्हणून (−४, ०) ला स्पर्शिका उभी आहे आणि मुंगी खाली चालली आहे. आपण आखलेल्या भिंतीला वक्र इथे अलगद टेकतो, आपटत नाही.

आरंभबिंदूवर मात्र दोन वेग आहेत. ट = −२ ला वेग (−४, ८), चढ −२. ट = २ ला वेग (४, ८), चढ २. या दोन चढांच्या दोन छोट्या रेघा आरंभबिंदूवर आधीच मारून ठेवा, फुलीसारख्या. वक्राला या रेघांना धरूनच जायचं आहे.

आता पेन्सिल फिरवा

उजव्या खालच्या कोपऱ्यातून, (५, −१५) कडून या. आरंभबिंदूतून चढ −२ ने डावीकडे वर निघा, (−२.६७, ३.०८) ला माथा गाठा, भिंतीला (−४, ०) वर टेका, खाली (−२.६७, −३.०८) वरून वळून परत आरंभबिंदूत या, आणि या वेळी चढ २ ने उजवीकडे वर निघून जा. फास घड्याळाच्या उलट दिशेने फिरला. तीन ठिकाणी बाण काढा: येताना, फासावर, जाताना.

बाण हे सजावट नव्हे. मी विद्यार्थी असताना एका सत्र परीक्षेत वक्र अगदी हुबेहूब काढला होता, बाण नव्हते, आणि त्या प्रश्नाचे दोन गुण गेले. तेव्हा फार राग आला होता. आता पेपर तपासताना मीही ते दोन गुण कापतो.

ट काढून टाकावा का?

काढता आला तर जरूर काढा, पण पडताळ्यासाठी. आपल्या उदाहरणात य = ट × क्ष, म्हणून ट = य/क्ष, आणि क्ष मध्ये घातलं की य² = क्ष²(क्ष + ४). वर काढलेले बिंदू यात बसतात का बघा: (−३, ३) घातलं तर ९ = ९ × १. बसतं.

समीकरणातून रस्ता कळतो. मुंगी रस्त्याच्या किती भागावर चालली, कोणत्या दिशेने, किती वेळा, हे त्यात नसतं. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. ही तीन फलं बघा:

(ट, ट²), (साइन ट, साइन² ट), (२ चा ट-घात, ४ चा ट-घात)

तिन्हींतून ट काढला की य = क्ष² येतं. म्हणून तिन्ही ठिकाणी अख्खा अन्वस्त काढायचा? पहिल्यात हो. दुसऱ्यात साइन −१ ते १ मधेच राहतो, म्हणून (−१, १) ते (१, १) एवढाच तुकडा. मुंगी त्यावर झोपाळ्यासारखी मागेपुढे करत राहते. इथे दोन्ही दिशांचे बाण हवेत. तिसऱ्यात २ चा घात कधी शून्य होत नाही, ऋणही होत नाही, म्हणून फक्त उजवा अर्धा भाग, आणि आरंभबिंदूवर पोकळ वर्तुळ: तिथे मुंगी जवळ जवळ येते, पोचत नाही.

वर्तुळाचंही तसंच. (कोसाइन ट, साइन ट) हे (१, ०) पासून घड्याळाच्या उलट फिरतं. अदलाबदल करून (साइन ट, कोसाइन ट) केलं की वर्तुळ तेच, पण सुरुवात (०, १) ला आणि फेरा घड्याळाच्या दिशेने.

वेग शून्य झाला तर

दोन्ही घटकांचे विकलज एकाच वेळी शून्य झाले की मुंगी क्षणभर थांबते. थांबलेली मुंगी कोणत्याही दिशेला वळू शकते, म्हणून तिथे वक्राला टोक येण्याची शक्यता असते. (ट², ट³) मध्ये ट = ० ला असंच टोक येतं. पण शक्यताच; (ट³, ट⁶) मध्येही ट = ० ला वेग शून्य आहे, वक्र मात्र साधा गुळगुळीत अन्वस्त. अशा जागी ट च्या आधीची आणि नंतरची दिशा तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

टोकाचं सगळ्यात देखणं उदाहरण सायकलच्या चाकात आहे. चाकाच्या कडेवर खडूने ठिपका करा आणि सायकल सरळ ढकला. ठिपका हवेत जो मार्ग काढतो तो सायक्लॉइड. चाकाची त्रिज्या १ धरली तर

स(ट) = (ट − साइन ट, १ − कोसाइन ट)

ट = ० ला (०, ०), पाय/२ ला (०.५७, १), पाय ला (३.१४, २), ३पाय/२ ला (५.७१, १), २पाय ला (६.२८, ०). वेग (१ − कोसाइन ट, साइन ट), जो ट = ० आणि २पाय ला शून्य. म्हणजे ठिपका रस्त्याला टेकतो त्या क्षणी तो खरोखर स्थिर असतो, सायकल कितीही जोरात असो. टेकण्याच्या आधी तो सरळ खाली येतो, नंतर सरळ वर जातो. म्हणून तिथे टोक, आणि स्पर्शिका उभी.

बहुतेक जण इथे अर्धवर्तुळ काढून मोकळे होतात. रुंदी ६.२८ आणि उंची २, अर्धवर्तुळ असतं तर उंची ३.१४ लागली असती. कमान त्यापेक्षा बरीच बसकी आहे.

आता कॅल्क्युलेटरचा किस्सा. हाच वक्र मी पहिल्यांदा काढला तेव्हा सगळे बिंदू क्ष-अक्षावर चिकटून आले. ट = १.५७ ला य आला ०.०००४. अर्धा तास सूत्रात चूक शोधली. कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता, १.५७ ला तो दीड अंश समजत होता. सायकल चालली, ठिपका रस्त्यावरून उठलाच नाही. तेव्हापासून काम सुरू करताना पाय/२ चा साइन काढून बघतो. १ आला तरच पुढे.

या वक्राला नाव दिलं गॅलिलिओने. कमानीखालचं क्षेत्रफळ किती हे ठरवण्यासाठी त्याने कमान आणि चाक यांचे तुकडे कापून चक्क वजन केलं होतं. गुणोत्तर तीनच्या आसपास येत होतं. ते नेमकं तीन आहे हे पुढे फ्रेंच गणिती रोबेर्व्हालने सिद्ध केलं. कमानीची लांबी त्रिज्येच्या आठपट, हे १६५८ मध्ये इंग्रज वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने दाखवलं. हे इतिहास म्हणून सांगत नाही, तुमची आकृती तपासायला ते कामाला येतं. आलेख कागदावर १ एकक = २ सेंमी घ्या. कमानीखाली सुमारे ३७.७ चौरस सेंमी यायला हवेत, चौकोन मोजून बघा. आणि वक्रावर शिवणाचा दोरा अंथरून मोजलात तर १६ सेंमी भरायला हवा. माझा साडेपंधरा भरला होता, कारण खालची टोकं मी गोल करून टाकली होती.

चौकटीतले वक्र

क्ष आणि य दोन्ही साइन-कोसाइन असतील तर वक्र एका चौकटीत कोंडलेला असतो. आधी चौकट काढा. (साइन ट, साइन २ट) साठी ती −१ ते १ अशी चौरस. ट पाय/४ च्या टप्प्यांनी न्या: (०, ०), (०.७१, १), (१, ०), (०.७१, −१), (०, ०), आणि मग डावीकडे तसंच: (−०.७१, १), (−१, ०), (−०.७१, −१), परत (०, ०). आडवा पाडलेला इंग्रजी आठ तयार होतो (आपला ८ आडवा पाडून काही उपयोग नाही). उजवा फास घड्याळाच्या दिशेने, डावा उलट.

वक्र चौकटीच्या वरच्या कडेला दोनदा टेकला, उजव्या कडेला एकदा. साइन २ट आणि साइन ट मधलं २ : १ हे गुणोत्तर असं आकृतीतच दिसतं. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सीआरओच्या (विद्युत संकेताची लहर दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दोन वारंवारता ताडून बघतात ती युक्ती हीच. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिसाजूने १८५७ मध्ये कंप पावणाऱ्या दोन नादकाट्यांवर आरसे बसवून प्रकाशाच्या ठिपक्याने हे वक्र पडद्यावर दाखवले, म्हणून नाव त्याचं; अमेरिकन गणिती बोडिचने त्यांचा अभ्यास १८१५ मध्येच केला होता.

संगणकावर

हाताने काढून झाल्यावर पडताळा घ्या, आधी नको. जिओजेब्रा आणि डेस्मॉस ही आलेख काढणारी दोन साधनं. जिओजेब्रात कर्व्ह या आज्ञेला पाच गोष्टी लागतात: क्ष चं सूत्र, य चं सूत्र, चलाचं नाव, सुरुवात, शेवट. डेस्मॉसमध्ये नुसती कंसातली जोडी लिहिली तरी चालते, पण तिथे ट आपोआप ० ते १ धरला जातो. वक्राचा एक तुकडाच दिसला म्हणून सूत्र बदलू नका, सूत्राखाली दिसणारी ट ची मर्यादा बदला. दोन्हीकडे दिशेचे बाण तुमचे तुम्हालाच काढावे लागतात.

सरावाला तीन

(३ कोसाइन ट, २ साइन ट), ट ० ते २पाय. विवृत्त आहे. सुरुवात आणि दिशा नमूद करा, मग साइन-कोसाइनची जागा बदलून पुन्हा काढा.

(कोसाइन³ ट, साइन³ ट), ट ० ते २पाय. वेग चार ठिकाणी शून्य होतो, चार टोकं येतात. टोकांना सरळ रेषांनी जोडून पतंग करू नका; ट = पाय/४ ला बिंदू (०.३५, ०.३५) आहे, म्हणजे बाजू आत ओढलेल्या आहेत.

(ट कोसाइन ट, ट साइन ट), आधी ट ० ते ४पाय. सर्पिल येईल, पूर्ण एका फेऱ्याला मुंगी आरंभबिंदूपासून ६.२८ ने लांब जाते. मग ट −४पाय पासून सुरू करा. ऋण ट चा भाग हा धन भागाचं य-अक्षातलं प्रतिबिंब असतो, आणि दोन्ही फाटे य-अक्षावरच एकमेकांना छेदतात. आरंभबिंदू सोडला तर पहिला छेद (०, १.५७) वर यायला हवा. तो तिथे आला नाही, तर आधी कॅल्क्युलेटरचा मोड बघा.